दुसऱ्याने मागितलेला त्याग

त्यागाला जवळजवळ सर्वच धर्मपरंपरांनी उच्च स्थान दिले असले, तरी तो कोणी कोणाकडे मागावा, या प्रश्नाचा विचार त्यामानाने फार थोडा झाला आहे. आधुनिक राज्यसंस्था जेव्हा संरक्षणासाठी जमीन ताब्यात घेते, तेव्हा ती कायद्याच्या भाषेबरोबरच त्यागाचीही भाषा बोलते, आणि जमीन न सोडणारा शेतकरी त्या भाषेत सहजच मोहात अडकलेला, संकुचित दृष्टीचा माणूस ठरतो. लष्करी हवाई तळांच्या बाबतीत हा पेच विशेष तीव्र होतो, कारण विमान आकाशात उडत असले तरी त्याला लांब, सपाट, अडथळा नसलेली जमीन लागते, आणि अशी जमीन बहुधा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली असते. जपानमधील सुनागावा या गावाने १९५५ नंतर दिलेल्या लढ्यात हा पेच बौद्ध भिक्षूंच्या सहभागामुळे केवळ राजकीय न राहता उघडपणे धार्मिक झाला. ज्यांच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती आणि आसक्ती हेच दुःखाचे मूळ होय असे ज्यांचा धर्म सांगतो, ते संन्यासी जमिनीवर जीव असलेल्या शेतकऱ्यांच्या पुढे जाऊन बसले. त्यांच्या या कृतीत विसंगती होती की धर्माची अधिक खोल समज होती, हे तपासणे अगत्याचे आहे.

तोक्योच्या पश्चिमेस मुसाशिनो नावाचे पठार आहे. ज्वालामुखीच्या राखेची हलकी माती, पाण्याची टंचाई आणि धूळ उडवणारे वारे यांमुळे ते दीर्घकाळ ओसाड राहिले. सतराव्या शतकात तामा नदीचे पाणी एदोकडे, म्हणजे आजच्या तोक्योकडे, नेणारा कालवा १६५३ मध्ये खोदला गेला आणि त्याच सुमारास पडीक रान मोडून सुनागावासारखी नवी गावे वसली. रस्त्याच्या कडेने घरे, घरांभोवती वारा अडवणारी उंच झाडे आणि मागे लांबट पट्ट्यांची शेते अशी त्यांची रचना होती. पुढे येथे तुतीची लागवड आणि रेशीम-व्यवसाय वाढला. याच पठारावर जपानी लष्कराने १९२२ मध्ये ताचिकावाचा विमानतळ उभारला. १९४५ च्या पराभवानंतर तो अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेला आणि कोरियातील युद्धात त्याचा मोठा वापर झाला. १८ जून १९५३ रोजी तेथून उडालेले एक अवजड वाहतूक विमान काही मिनिटांत जवळच कोसळले व त्यातील सर्व १२९ जण मृत्युमुखी पडले. तळाच्या कुंपणालगत राहणे म्हणजे कोणत्या सावटाखाली राहणे असते, हे त्या परिसराला नव्याने सांगण्याची गरज उरली नव्हती.

मे १९५५ मध्ये जेट विमानांसाठी धावपट्टी वाढवण्याचा बेत सुनागावाला कळवण्यात आला. वाढीव धावपट्टी गावाच्या मुख्य रस्त्याला छेदून जाणार होती, म्हणजे शेतेच काय, गाव गाव म्हणून राहण्याचाच प्रश्न होता. गावाने विरोधाचा ठराव केला, महापौरांनी भूसंपादनाच्या कामकाजात सरकारची साथ नाकारली, आणि शेतमोजणीला येणारे अधिकारी व त्यांच्या संरक्षणाला आलेले पोलीस यांच्यापुढे शेतकरी, कामगार आणि विद्यार्थी हातात हात गुंफून उभे राहू लागले. ऑक्टोबर १९५६ मध्ये पोलिसांच्या लाठ्यांनी शेकडो लोक जखमी झाले. १३ तारखेच्या त्या संघर्षात लाल चतुराविषयीचे ‘आकातोंबो’ हे बालगीत आंदोलकांनी एकमुखाने गायले, ही आठवण जपानमध्ये अजून सांगितली जाते. दुसऱ्याच दिवशी सरकारने मोजणी थांबवली.

या रांगांच्या अग्रभागी पिवळी वस्त्रे ल्यालेले आणि पंख्याच्या आकाराचे हातडफ वाजवणारे भिक्षू होते. ते निप्पोनझान म्योहोजी या पंथाचे होते आणि लाठ्यांचा पहिला मार त्यांनी खाल्ला. या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी यांचे नाते थेट वर्ध्याशी जुळलेले आहे. १९३१ मध्ये ते भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले, आणि त्यांच्या पंथाचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा जप गांधींच्या आश्रमातील प्रार्थनेत कायमचा सामावला गेला. सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही ते जपानी शब्द ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यांचा एका हवाई तळाच्या इतिहासाशी संबंध आहे, याची कल्पना क्वचितच असते. मात्र हा वारसा सरळ रेषेत उतरला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. जपानी साम्राज्याचा विस्तार होत असताना या पंथाची मंदिरे मांचुरियातही उभी राहिली होती, आणि शस्त्राचा निरपवाद नकार हा फुजींच्या शिकवणीचा गाभा बनला तो हिरोशिमा व नागासाकीच्या संहारानंतर. वर्ध्यात पाहिलेली अहिंसा त्यांना पूर्णपणे उमगण्यासाठी मध्ये एक महायुद्ध जावे लागले, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. उलट सुनागावातील भिक्षूंच्या बैठकीत प्रायश्चित्ताचाही अंश असावा, असे तिच्यामुळे मानता येते.

त्या बैठकीमागे एक निश्चित शास्त्राधार होता. सद्धर्मपुंडरीक सूत्र हा महायान बौद्धांचा, म्हणजे सर्व जीवांच्या बुद्धत्वाचे ध्येय मानणाऱ्या परंपरेचा, एक प्रमुख ग्रंथ आहे. त्याच्या प्रचलित चिनी अनुवादातील विसाव्या अध्यायात सदापरिभूत नावाच्या बोधिसत्त्वाची कथा येते. बोधिसत्त्व म्हणजे इतरांच्या मुक्तीसाठी झटणारा, बुद्धत्वाच्या मार्गावरील साधक. हा सदापरिभूत ग्रंथपठणात रमत नाही; भेटेल त्या प्रत्येकाला तो वंदन करतो आणि तुम्ही पुढे बुद्ध होणार आहात, म्हणून तुमचा अनादर माझ्याकडून होणार नाही, अशा आशयाचे बोलतो. लोकांना हे ढोंग वाटते, ते त्याला काठ्यांनी आणि दगडांनी मारतात. तेव्हा तो धावत दूर जाऊन उभा राहतो आणि तेथूनही मोठ्याने तेच बोलतो. हे सर्वांना वंदन करणे फुजींच्या पंथाची मुख्य साधना आहे, आणि म्हणूनच सुनागावात लाठी उगारणारा पोलीस हाही भिक्षूंच्या दृष्टीने भावी बुद्धच होता.

परंतु सूत्र आणि सुनागावा यांच्यात एक फरक आहे, आणि या सर्व प्रकरणाचा तात्त्विक गाभा त्याच फरकात आहे. सूत्रातला बोधिसत्त्व मार पडू लागताच मागे सरतो. सुनागावातले भिक्षू सरले नाहीत. सदापरिभूतावर होणारा आघात फक्त त्याच्यावर होता, त्याच्या मागे दुसरे कोणी उभे नव्हते, त्यामुळे मागे हटून तो मारणाऱ्यालाही अधिक पापापासून वाचवत होता. सुनागावात भिक्षू हटले असते, तर त्यांनी सोडलेल्या जागेतून मोजणीचे खुंट दुसऱ्याच्या शेतात गेले असते. स्वतःचा मान, स्वतःचे शरीर, स्वतःची जागा सोडून देणे हा वैराग्याचा भाग झाला. पण दुसऱ्याची जागा सोडून देण्याचा अधिकार कोणत्याही विरक्ताला नाही. अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करण्याचे व्रत, हे पहिल्या पुरुषातच घेता येते. ते दुसऱ्यावर लादले की त्याचे नाव बदलते आणि ती हिरावणूक होते, मग लादणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो. निःसंग माणूस दुसऱ्याच्या जमिनीसाठी देह पुढे करतो, यात म्हणून विसंगती नाही. स्वतःचे काहीच वाचवायचे नसल्यामुळे तो तेथे द्वेषाशिवाय बसू शकतो.

शेतकऱ्याच्या बाजूनेही आसक्ती हा शब्द जपून वापरायला हवा. बौद्ध विचारात तृष्णा, म्हणजे अतृप्त हाव, आणि तिच्यातून येणारे उपादान, म्हणजे घट्ट धरून ठेवणे, ही दुःखाची कारणे मानली जातात. तीन शतके वारा आणि धूळ सोसून ज्यांनी राखेच्या पठारावर माती तयार केली, त्यांचे त्या मातीशी असलेले नाते या वर्णनात पुरते बसत नाही. मराठी शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो तेव्हा तो मालकी सांगत नसतो, ऋण सांगत असतो, आणि सुनागावातील नाते त्याच जातीचे होते. अर्थात या नात्याचे गोडवे गाताना एक अवघड वस्तुस्थिती विसरता येत नाही. गावातील अनेक कुटुंबांनी काळाच्या ओघात मोबदल्याच्या अटी मान्य करून जमीन विकली, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फूट पडली आणि अखेरपर्यंत मोजकीच घरे टिकून राहिली. विकणाऱ्यांना भित्रे किंवा लोभी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण वर्षानुवर्षे पोलीस, खटले आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाज सहन करण्याची सक्ती कोणतीही नीती कोणावर करू शकत नाही. त्याग जसा लादता येत नाही, तसा प्रतिकारही लादता येत नाही.

ओकिनावाच्या उत्तरेकडील इए या बेटावर याच काळात एका ख्रिस्ती शेतकऱ्याने जवळपास याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे येऊन दाखवले. १९५५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी बेटावर उतरून शेतकऱ्यांना घरांतून बाहेर काढले व जमिनी बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतल्या, तेव्हा आहागोन शोको आणि त्यांच्या सोबत्यांनी सैन्याशी कसे बोलावे याचे नियम आधीच ठरवून ठेवले होते: रागावू नये, वाईट बोलू नये, खोटे सांगू नये, बोलताना खाली बसावे आणि हात कानाच्या वर नेऊ नये. हात उगारला गेल्यास समोरच्याला भीती वाटते आणि भ्यालेला सैनिक गोळी चालवतो, एवढी व्यवहारी समज त्यामागे होती. पण समोरच्याचे माणूसपण शाबूत राहावे, ही धर्मदृष्टीही तिच्यातच होती.

या भूमिकेवरील सर्वांत गंभीर आक्षेप संरक्षणाचा आहे. दुर्बलांचे रक्षण हा राजधर्म मानला, तर रक्षणाची साधने कोठेतरी उभी करावीच लागतात, आणि प्रत्येक गावाने नकार दिल्यास कोणाचेच रक्षण होणार नाही. हा आक्षेप पोकळ नाही, आणि शांततावादी लेखक अनेकदा त्याला बगल देतात हा त्यांचा दोष आहे. मात्र त्याचे बळ एका गृहीतावर उभे आहे: रक्षण सर्वांचे होते आणि भार काही मोजक्यांवर पडतो, तेव्हा भाराची ती वाटणी कोणीतरी न्यायाने केलेली असते. जपानमध्ये तसे घडले नव्हते. युद्धाचा आणि युद्धसज्जतेचा त्याग करणारे नववे कलम राज्यघटनेत असताना तळ मात्र आधी लष्करी ताब्याने व मग करारांनी टिकून राहिले होते. जुलै १९५७ मध्ये कुंपण तुटून काही आंदोलक तळाच्या हद्दीत काही पावले शिरले आणि त्यांतील सात जणांवर खटला झाला. तोक्यो जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश दाते अकिओ यांनी ३० मार्च १९५९ रोजी अमेरिकी सैन्याचे वास्तव्यच घटनाविरोधी ठरवून सर्वांना निर्दोष सोडले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. इतक्या उच्च राजकीय स्वरूपाचा करार उघडपणे घटनाबाह्य नसेल तर न्यायालयाने त्यात पडू नये, त्याचा निर्णय अखेर जनतेने करावा, असा त्याचा आशय होता.

त्या वेळचे सरन्यायाधीश तानाका कोतारो हे कॅथलिक श्रद्धेचे विद्वान होते, आणि मानवनिर्मित कायद्याहून श्रेष्ठ असा निसर्गसिद्ध न्याय असतो, या मताचे ते पुरस्कर्ते होते. निकालापूर्वी त्यांनी अमेरिकी राजदूतांशी या खटल्याविषयी बोलणे केले होते, हे २००८ पासून उजेडात आलेल्या अमेरिकी कागदपत्रांतून दिसते. शाश्वत न्यायावर श्रद्धा असलेला माणूस एका पक्षाशी खासगीत बोलतो आणि कलमांचा शब्दशः अर्थ लावणारा कनिष्ठ न्यायाधीश दुर्बलाच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट धर्मचिंतकांना अस्वस्थ करणारी आहे, आणि तिने त्यांना अस्वस्थ करायलाच हवे. श्रेष्ठ तत्त्वाची जाणीव माणसाला सत्तेपासून आपोआप दूर ठेवत नाही.

डिसेंबर १९६८ मध्ये धावपट्टीचा विस्तार सोडून देण्यात आला, पुढच्या वर्षी ताचिकावातील उड्डाणे थांबली आणि १९७७ मध्ये संपूर्ण तळ जपानला परत मिळाला. त्याच्या काही भागावर १९८३ मध्ये मोठे उद्यान खुले झाले, काही भाग जपानी आत्मसंरक्षण दलाकडे राहिला. पण उड्डाणांचा भार नाहीसा झाला नाही; तो जवळच्याच योकोता तळावर गेला, आणि तेथील रहिवाशांनी आवाजाविरुद्ध १९७६ पासून दावे लावले. न्यायालयांनी त्यांना झालेल्या त्रासाची भरपाई दिली, परंतु उड्डाणे थांबवण्यास नकार दिला. एका गावाची अहिंसा दुसऱ्या गावाच्या माथी ओझे टाकून यशस्वी झाली काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. फळाची अपेक्षा न धरता कर्म करावे, हे गीतेचे वचन पुढे करून या प्रश्नातून सुटका करून घेणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे नाही, कारण येथे फळ कर्त्याला नव्हे, तिसऱ्याच कोणाला भोगावे लागत आहे. सुनागावाच्या शेतकऱ्यांनी तळ शेजारी हलवा, अशी मागणी केली नव्हती. तो हलवण्याचा निर्णय करार करणाऱ्या दोन सरकारांचा होता, आणि योकोताचा हिशेबही त्यांच्याकडेच मागावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ज्या जनतेकडे निर्णय सोपवला, तिच्यात कुंपणालगत राहणारे नेहमीच मूठभर असतात आणि तळापासून दूर राहून त्याचे संरक्षण घेणारे बहुसंख्य असतात. योकोताचे रहिवासी न्यायालयात पुन्हा पुन्हा जात राहिले ते याच कारणाने.