औषधाची पेटी आणि सद्भाव

सीमाभागातील माणसाचे पाय वर्षभर घरात ठरत नाहीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, चैत्र पौर्णिमेला जोतिबा आणि आषाढात पंढरी हे मुहूर्त तर ठरलेलेच. त्यांखेरीज चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यातील कुलदेवतेच्या दर्शनास पायी जाणारे आहेत, कणकुंबीस मलप्रभेच्या उगमाशी माउलीचे दर्शन घेऊन रानात शिरणारे आहेत आणि देवरवाडीच्या वैजनाथास नमस्कार करून महिपाळगड चढणारे तरुणही आहेत. यात्रा कोठे संपते आणि गिर्यारोहण कोठे सुरू होते, हे आमच्या मुलखात सांगणे कठीण. देवळांची मंडळे अशा पदयात्रा काढतात तेव्हा शिधा, भांडी, सतरंज्या, टाळ-मृदंग या साऱ्यांची याद्या होतात. औषधाच्या पेटीची आठवण मात्र बहुधा गाडी सुटण्याच्या वेळी होते आणि मग कोणीतरी कपाटातील जुना डबा उचलून आणतो. त्यात काय आहे हे आणणाऱ्यासही ठाऊक नसते.

ही गोष्ट क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. पेटी न भरण्यामागे आळस असतोच, परंतु आळसाच्या पाठीमागे दोन मते उभी असतात. एक म्हणते, "देवाच्या कामाला निघालो आहोत, तो पाहून घेईल." दुसरे म्हणते, "मन स्वच्छ असले म्हणजे झाले, वेळ पडली की माणूस धावतोच." पहिले मत श्रद्धेचा आधार घेते, दुसरे कळवळ्याचा. दोन्ही शब्द थोर आहेत, म्हणूनच त्यांच्या आड काय दडते हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या मतास आपल्याच परंपरेत जुने उत्तर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायाचे नाव 'उपकल्पनीय', म्हणजे सामग्रीची पूर्वतयारी सांगणारा. रुग्णास वमन वा विरेचन देण्यापूर्वी कोणकोणती औषधे, भांडी, वस्त्रे आणि कशा स्वभावाचे परिचारक जमवून ठेवावे, याची लांबलचक यादी तेथे आहे. कारणही दिले आहे: आपत्ती उभी राहिल्यावर, बाजार जवळ असला तरी, योग्य औषधे घाईने गोळा करणे सोपे नसते. यावर अग्निवेश शंका काढतो. वैद्य जाणता असेल तर त्याने दिलेले औषध हमखास गुण देणार, मग बिघाडाची तयारी कशासाठी? आत्रेय त्याला सांगतात की देह, देश, काल, बल, आहार, सत्त्व यांचे भेद इतके सूक्ष्म आहेत की निर्मळ व विशाल बुद्धीच्या माणसाचीही मती तेथे गोंधळते. पूर्वतयारी हा ज्ञानाचा अपमान नव्हे, ज्ञानाच्या मर्यादेची ती ओळख होय. जे वैद्याच्या ज्ञानास लागू, ते भक्ताच्या श्रद्धेस का लागू नसावे?

आमचे कोंकणी बांधव उपकार फेडताना "देव बरें करूं" असे म्हणतात. या तीन शब्दांत बरे करणारा देव आहे. पण ते शब्द ज्याला उद्देशून उच्चारले जातात, तो समोर उभा असलेला, हात पुढे केलेला माणूस असतो. देवाने बरे करावे आणि त्यासाठी कोणाचा तरी हात रिकामा नसावा, या दोन अपेक्षांत विरोध नाही, हे आमच्या भाषेने केव्हाच ओळखले आहे.

दुसरे मत अधिक फसवे आहे, कारण ते आपल्या चांगुलपणाची स्तुती करते. येथे आमच्या व्यवसायातील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द 'सद्भाव'. व्यवहारात आपण सद्भाव म्हणजे शुद्ध हेतू समजतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचीही साधारण तीच समजूत आहे: काम प्रामाणिकपणे केले असेल तर, हयगय झाली असली तरी, ते सद्भावाने केले असे तो मानतो. परंतु फौजदारी कायदा एवढ्यावर समाधान मानीत नाही. १८६० च्या दंडसंहितेने आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने असे ठरविले आहे की, योग्य काळजी व अवधान यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही.

या व्याख्येचे महत्त्व पुढील तरतुदीत दिसते. बेशुद्ध पडलेल्या वा संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या हितासाठी सद्भावाने केलेले कृत्य, त्यातून अपाय झाला तरी, काही मर्यादांत अपराध ठरत नाही. हे जुन्या संहितेचे ९२ वे कलम, नव्या संहितेत ते ३० वे आहे. त्याखालील एका उदाहरणात वाघ माणसाला ओढून नेत आहे. पाहणारा गोळी झाडतो. गोळी त्या माणसाला लागू शकते हे त्याला कळते, पण त्याचा हेतू जीव वाचविण्याचा असतो. गोळी माणसास लागून तो मरतो, तरी झाडणारा निर्दोष ठरतो. खानापूरच्या रानाशेजारी राहणाऱ्यांस हे उदाहरण परके वाटू नये. पण त्या निर्दोषतेचा पाया सद्भाव आहे आणि सद्भावाच्या पोटात काळजी आहे. हृदय स्वच्छ होते एवढे सांगून भागत नाही. हात आणि डोके यांनी आपापले काम केले होते काय, हेही कायदा विचारतो.

आमच्या मते नीतीनेही तेच विचारावे. कळवळा प्रसंगी उत्पन्न होतो, काळजी प्रसंगाच्या आधी घ्यावी लागते. जखमी माणसापाशी गुडघे टेकून बसल्यावर कळवळ्याला नवी कात्री निर्माण करता येत नाही. म्हणून प्रवासापूर्वी शांतपणे भरलेली पेटी हेच त्या कळवळ्याचे पहिले कृत्य, आणि ते कोणी पाहत नसताना करावयाचे असते.

पेटीत काय असावे याची यादी लांब नाही. निर्जंतुक जाळीच्या घड्या, गुंडाळपट्ट्या, हात गळ्यात अडकविण्यास त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सेफ्टी पिना, हातमोज्यांचे जोड, साबण, तापाच्या गोळ्या, जलसंजीवनीच्या पुड्या, विजेरी. आणि एका कागदावर सोबत्यांची नावे, कोणाला मधुमेह, कोणाला हृदयविकार, कोणाला कोणते औषध सोसत नाही याची नोंद. ज्याची रोजची गोळी आहे त्याने ती चार दिवस अधिक पुरेल इतकी घ्यावी. आजीबाईच्या बटव्यातील सुंठ-ओव्यालाही जागा असू द्यावी, परंतु उघड्या जखमेत हळद, तंबाखू वा माती भरण्याची खेडोपाडची रीत पेटीबरोबर नेऊ नये. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि भाजल्यावर वीस मिनिटे गार पाणी सोडीत राहावे, एवढे सोपे ज्ञान पुष्कळ लेपांहून मोलाचे आहे.

यांतील स्वस्तातली वस्तू कधी कधी सर्वांत मोठी ठरते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने कहर केला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात कालवून रुग्णांच्या नातलगांकरवीच पाजण्यास सांगितले. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. यात्रेतील जुलाबांना याहून मोठा शत्रू नाही.

पेटीत काय नसावे, हा विचार मात्र अधिक कठीण आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांचा आमच्या डोंगरपट्ट्यात वावर आहे. दंश झाला की कोणी पाते काढतो, कोणी रक्त चोखू पाहतो, कोणी दोरीने पाय आवळतो. आजचे वैद्यक या तिन्ही गोष्टी वर्ज्य सांगते. माणसास धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठ्या-बांगड्या उतरवाव्यात, दंश झालेला अवयव फळीला सैलसर बांधून स्थिर करावा, वेळ लिहून ठेवावी आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. कर्नाटक शासनाने २०२४ साली सर्पदंशाची नोंद करणे रुग्णालयांना बंधनकारक केले, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळावे. सुश्रुताने कल्पस्थानात दंशाच्या वर बंध बांधण्यास सांगितले आहे हे खरे. पण त्या काळी प्रतिविष नव्हते. सुश्रुताचा वारसा चालवावयाचा तर त्याची दुसरी शिकवण घ्यावी: शिष्याने आधी भोपळ्यावर व काकडीवर छेद करून पाहावेत, वस्त्राच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव करावा आणि मगच माणसास हात लावावा. पेटी उघडण्याचा हक्क सरावाने मिळतो. 'प्रथमोपचार' या शब्दातील 'प्रथम' हे पद नम्रतेचे आहे. आपल्यानंतर कोणी अधिक जाणता येणार आहे आणि त्याच्या हाती माणूस जिवंत व अधिक न बिघडवता सोपवावयाचा आहे, असे ते सांगते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमात या बाबतीत तीन शहाणपणाचे नियम घातलेले होते: पेटीत ठरलेल्या वस्तूंवाचून दुसरे काही ठेवू नये; प्रत्येक पेटी एका जबाबदार, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र घेतलेल्या माणसाच्या ताब्यात असावी; आणि तो माणूस कामाच्या वेळात नेहमी हाताशी असावा. मंडळांनी हे तीन नियम पदयात्रेस जसेच्या तसे लावावेत. सर्वांची म्हणून ठेवलेली पेटी कोणाचीच नसते. प्रसादाच्या पुड्या, मोबाइलच्या तारा आणि सुटे पैसे यांच्याखाली ती दबून जाते.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. ही पेटी कोणासाठी? १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यावर टिपण लिहिताना मेकॉलेच्या आयोगाने एका नदीचा दाखला घेतला आहे. नदीला पूर आहे, प्रवासी उतारात पाय घालीत आहे, पाहणारा जाणूनबुजून गप्प बसतो आणि प्रवासी बुडतो. गप्प बसणारा जर सरकारने तेथे इशारा देण्यासाठी नेमलेला असेल, अथवा मोबदला घेऊन वाट दाखविणारा असेल, तर तो खुनी. परंतु केवळ माणुसकीखेरीज ज्याच्यावर त्या प्रवाशाचा दुसरा हक्क नाही, असा तो असेल तर नव्हे. वेदगंगा-दूधगंगेचे पूर पाहणाऱ्यांनी या दाखल्यावर मनन करावे. त्याच्या पहिल्या भागातून एक उघड बोध निघतो: जे मंडळ लोकांना आपल्या भरवशावर घेऊन निघते ते वाटाड्याच्या जागी असते. पेटी नेणे हा त्याचा उपकार नव्हे, ते त्याचे ऋण आहे.

दुसऱ्या भागापाशी मात्र कायदा थांबतो. परक्याला वाचवावे अशी सर्वसाधारण सक्ती तो करीत नाही. वाचविणाऱ्याच्या मार्गातील काटे तेवढे तो दूर करीत आला आहे. जखमीस उपचार देण्यात कागदपत्रांची अडचण येता कामा नये असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. २०१६ साली मदतकर्त्यांस त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना त्याच न्यायालयाने बळ दिले. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले १३४-अ हे कलम अपघातग्रस्तास निरपेक्षपणे मदत करणाऱ्यास, हातून हयगय झाली तरी, संरक्षण देते. म्हणजे तवंदीच्या घाटात उलटलेल्या गाडीपाशी थांबण्यास कोणी भिऊ नये. तथापि कायद्याने क्षमा करणे आणि आपण योग्य वागणे या दोन गोष्टी एक नव्हेत. क्षमेची व्यवस्था आहे म्हणून हयगय करावी, असा अर्थ काढणारा कायदाही समजला नाही आणि धर्मही.

जेथे कायदा थांबतो तेथून पुढे आपल्याला शिदोरीचा संस्कार नेतो. आपल्याकडे शिदोरी स्वतःपुरती बांधतात, पण झाडाखाली बसल्यावर शेजारी उपाशी असेल तर ती एकट्याने खात नाहीत. म्हणूनच जाणती गृहिणी दोन भाकऱ्या अधिक घालते. पेटीतही दोन पट्ट्या अधिक असाव्यात, कारण वाटेवर कोण भेटेल हे ठाऊक नसते. तो कन्नड बोलेल, मराठी बोलेल की कोंकणी, देवळात जाणारा असेल की दर्ग्यात, हे पट्टीला विचारावयाचे नाही. चंदगडकडच्या वाडीवरील आजारी माणसाला बेळगाव जवळ पडते. तो सीमारेषेच्या कोणत्या अंगाचा, हे जखम विचारीत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही राज्यांतील जवळची रुग्णालये कागदावर लिहून घ्यावीत. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक तर दोन्हीकडे एकच आहे.

कोणी म्हणेल, इतक्या सावधपणाने यात्रेतील मोकळेपणा आणि गड चढण्यातील साहस नाहीसे होईल. आम्हांस तसे वाटत नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे साहस असू शकते, दुसऱ्याचा जीव आपल्या विसराळूपणावर टांगणे हे नव्हे. पेटी बहुतेक वेळा न उघडताच परत येते, आणि ती न उघडता परत आली यासारखे दुसरे समाधान नाही. पण परत आल्यावर तिच्यातील मुदत संपलेले औषध काढून नवे भरावे आणि पुढच्या वेळी ती कोणाकडे राहील हे त्याच दिवशी ठरवावे. देवासमोर हात जोडण्याआधी आपण ते धुतो. वाटेवरच्या माणसासमोर ते रिकामे नेऊ नयेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.