दिलेल्या शब्दाचा धनी

ऑगस्ट २०२४. अभियांत्रिकी प्रवेशाच्या पहिल्या कॅप फेरीची यादी लागली होती. खराडीतल्या आमच्या सोसायटीत चार घरी पोळ्या करणाऱ्या बाई सकाळीच दारात उभ्या राहिल्या. हातात मुलीचे अलॉटमेंट लेटर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. चेहऱ्यावर आनंद होता आणि आनंदाच्या आड भीती. "काका, टीव्हीवर तर सांगितलं, मुलींना फी नाही. मग कॉलेजवाले भरा का म्हणतात?"

मी निवृत्त शिक्षक. कागद वाचता येतात एवढ्या भरवशावर त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीपलीकडचा कारकून सज्जन होता. म्हणाला, "योजना खरी आहे. पण सरकारचे पैसे कधी येतील ते आम्हाला सांगता येत नाही. आत्ता तुम्ही भरा, आले की तुम्हाला परत." बाईंच्या हातात तीन दिवस होते. चंदननगरच्या भिशीत पुढचा नंबर ज्यांचा होता त्यांच्याकडे पदर पसरून त्यांनी तो मागून घेतला, उरलेल्या रकमेसाठी गावाकडच्या भावाला फोन केला आणि मुलीचा प्रवेश झाला. राज्याने ज्या रकमेबद्दल जाहीर शब्द दिला होता, ती रक्कम शेवटी पोळ्या लाटणाऱ्या हातांनी उभी केली.

राजकारणात वचने मोडतात, हे आपल्याला नवे नाही. पण फीच्या वचनाची जात वेगळी आहे. रस्ता दोन वर्षे उशिरा झाला, तर लोक दोन वर्षे खड्ड्यातून जातात आणि तिसऱ्या वर्षी रस्ता वापरतात. प्रवेशाची तारीख मात्र एकदाच येते. त्या दिवशी फीमाफी पोहोचली नाही, तर त्या मुलीपुरती ती कधीच पोहोचली नाही. दीड वर्षाने खात्यात जमा होणारे पैसे जिने प्रवेश घेतला तिलाच मिळतात. जी खिडकीवरून परत फिरली तिचे नाव कोणत्याच यादीत नसते. म्हणून योजनेच्या लाभार्थींचा आकडा कितीही मोठा असला, तरी त्यात योजनेचे अपयश मोजले जात नाही.

खराडीत राहणाऱ्याला हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर दिसतो. १९९७ साली पुणे महापालिकेत आलेले हे मुळा-मुठेकाठचे गाव. आज इथे इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, काचेचे मजले आहेत. त्याच नगर रस्त्याने मराठवाड्यातून आणि अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली हजारो माणसे या मजल्यांखाली पहारा देतात, फरशी पुसतात, डबे पोहोचवतात. त्यांच्या मुलांना खालच्या फाटकापासून वरच्या मजल्यापर्यंत नेणारा एकच जिना आहे, पदवीचा. तो जिना चढायला पैसे पडतात, आणि ते किती हे सरकार, संस्था आणि न्यायालये मिळून ठरवतात.

मुलींच्या उच्च शिक्षणाची फी माफ करण्याचे वचन महाराष्ट्रात दोन आघाड्यांनी दिले. पहिले २०१९ चे. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस आणि काँग्रेस यांनी सत्तेवर येताना किमान समान कार्यक्रम जाहीर केला. त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना मोफत शिक्षण देण्याचे वचन होते. बारावीपर्यंत मुलींची फी राज्यात आधीपासूनच माफ असल्यामुळे त्या ओळीचा अर्थ बारावीनंतरचे शिक्षण असाच निघतो. जून २०२२ च्या अखेरीस ते सरकार गेले. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली हे मान्य, पण ज्या वर्षांत घरातली मिळकत आटली, त्याच वर्षांत त्या ओळीची सर्वात जास्त गरज होती. ती ओळ कागदावरच राहिली आणि सरकार गेल्यावर तिची आठवण ना तिन्ही पक्षांनी काढली, ना विरोधकांनी.

दुसरे वचन महायुतीचे, म्हणजे भाजप आणि त्याच्याबरोबर आलेल्या शिवसेना व राष्ट्रवादीच्या गटांचे. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले की जूनपासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रम मोफत होतील. जून आला. पदविकेचे प्रवेश अर्ज सुरू होते आणि महाविद्यालये शासन निर्णय मागू लागली. २८ जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात अर्थमंत्री अजित पवार यांनी आकडे मांडले : आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील २ लाख ५ हजार ४९९ मुली आणि वर्षाला सुमारे २ हजार कोटी रुपयांचा भार. शासन निर्णय निघाला ८ जुलैला. हे वचन निदान कागदावर उतरले, आणि पूर्वी निम्मी मिळणारी सवलत पूर्ण झाली, याचे श्रेय त्या सरकारला द्यायलाच हवे. या निर्णयामुळे शिकू शकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पण भाषणातला 'मोफत' हा शब्द शासन निर्णयात उतरताना किती आक्रसला, तेही पाहायला हवे. सवलत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश वगळले. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, बसचा पास हे सगळे घरावर. यातल्या काही अटींना कारण आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेची फी सरकारने का भरावी, हा प्रश्न रास्तच आहे. पण अटी घालायच्या होत्या तर त्या फेब्रुवारीतच सांगायला हव्या होत्या. आईने ऐकले 'मुलींना फी नाही'. मुलीच्या हाती आली दाखल्यांची यादी, सेतू केंद्रातली रांग आणि मार्चअखेर मुदत संपणारे ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र.

असे का होते? नेते खोटे बोलतात, एवढ्यावर थांबलो तर आपल्या हाती काहीच लागत नाही. मला दिसणारे कारण आघाडीच्या रचनेत आहे. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात घोषणा करणारे उच्च शिक्षण खाते भाजपकडे होते, तिजोरी राष्ट्रवादीकडे, वैद्यकीय शिक्षण आणि कृषी ही खातीही राष्ट्रवादीकडे, इतर मागास बहुजन कल्याण पुन्हा भाजपकडे आणि मुख्यमंत्रिपद शिवसेनेकडे. एका मुलीची फी या सगळ्या दारांतून जाते. प्रत्येक दारावर वेगळ्या पक्षाचा पहारा आणि प्रत्येकाला श्रेयाची घाई. घोषणेच्या दिवशी सगळे व्यासपीठावर असतात. देयक थकले की ते 'त्या खात्याकडे' असते. एकपक्षीय सरकारात निदान दोष कोणाच्या पदरात घालायचा हे कळते. आघाडीत शब्द सगळ्यांचा असतो, म्हणूनच त्याला धनी उरत नाही.

याचा सर्वात उघड धडा ब्रिटनने पाहिला. २०१० च्या निवडणुकीआधी निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या : फीवाढीच्या विरोधात मत देऊ. मे महिन्यात ते लेखी करार करून हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेले. त्या करारात फीच्या प्रश्नावर तटस्थ राहण्याची मुभा त्यांनी मागून घेतली होती. वचन विरोधात मत देण्याचे आणि करार तटस्थ राहण्याचा. शब्द तिथेच पहिल्यांदा वाकला. ९ डिसेंबर २०१० रोजी फीची कमाल मर्यादा वर्षाला ३,२९० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेणारा ठराव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला. फरक २१ मतांचा, आणि वचन देणाऱ्या पक्षाचे २८ खासदार बाजूने. २०१२ मध्ये क्लेग यांनी माफी मागितली. पाळता येईल याची खात्री नसताना वचन दिले, याची ती माफी होती. २०१५ मध्ये त्यांचे ५७ खासदार आठवर आले. वाढलेली फी मात्र तशीच राहिली. मतदारांनी पक्षाला शिक्षा केली, पण त्यातून विद्यार्थ्याला एक पौंडही परत मिळाला नाही. म्हणून 'पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ' हे फीच्या बाबतीत पुरेसे उत्तर नाही.

आपल्याकडे फी इतकी मोठी झाली कशी, हेही आपण विसरत चाललो आहोत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. राजाने नुसती इच्छा बोलून दाखवली नव्हती, त्याचा कायदा केला होता. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आलेल्या ईबीसी सवलतीने खेड्यापाड्यांतली एक अख्खी पिढी पदवीपर्यंत पोहोचली. या अंकाच्या वाचकांतही त्या पिढीचे अनेकजण असतील. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. जागा वाढल्या, मुलांचे कर्नाटकात जाणे कमी झाले, पण शिक्षणाचा खर्च सरकारच्या वहीतून घराच्या वहीत गेला. देणग्यांचा सुळसुळाट झाला, १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या टीएमए पै निकालानंतर खासगी संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक मिळाली, नफेखोरीला मनाई राहिली, आणि २०१५ च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. आजची फीमाफी म्हणजे या वाढलेल्या फीची सरकारने केलेली प्रतिपूर्ती.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. सरकार खासगी विनाअनुदानित संस्थांची फी भरते म्हणजे जनतेचा पैसा संस्थाचालकांकडे वळवते. तोच पैसा सरकारी महाविद्यालयांवर, रिकाम्या प्राध्यापकपदांवर का घालू नये? हा आक्षेप मला पटतो. दीर्घकाळचे उत्तर सार्वजनिक महाविद्यालयेच आहेत. पण नवी इमारत उभी राहून प्राध्यापक नेमले जाईपर्यंत आज बारावी झालेली मुलगी थांबू शकत नाही. तिला ज्या महाविद्यालयात जागा मिळाली तिथली फी आज भरावी लागते. दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

दुसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीत आहे कुठे? ज्या २८ जूनच्या अर्थसंकल्पात मुलींच्या फीसाठी २ हजार कोटी सांगितले, त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी सांगितले गेले. आईच्या खात्यात महिन्याला येणाऱ्या दीड हजारांना मी नावे ठेवणार नाही. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंना त्या पैशाचे मोल माहीत होते. पण २ हजार कोटी वेळेवर देणे या राज्याला झेपत नाही, हे मात्र मी मानणार नाही. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत तर बोली आणखी वाढली. महायुतीने दीड हजाराचे एकवीसशे करू म्हटले. उद्धव ठाकरे यांनी मुलींसारखेच मुलांनाही मोफत शिक्षण देऊ म्हटले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात एकवीसशे आले नाहीत. बोली लावताना कोणीही आधीच्या शब्दाचा हिशेब दिला नाही.

हिशेब मागता येतो, हे बव्हेरियाने दाखवले. जर्मनीच्या या राज्यात विद्यापीठांना सहामाहीला ५०० युरोंपर्यंत फी आकारता येत असे. तिथेही दोन पक्षांचे आघाडी सरकार होते, आणि त्यातल्या धाकट्या पक्षाला फी हवी होती. जानेवारी २०१३ मध्ये फी रद्द करण्यासाठी जनयाचिका झाली. दोन आठवड्यांत दहा टक्के मतदारांनी नगरपालिकेत जाऊन सही करायची होती. चौदा टक्क्यांहून अधिक लोकांनी केली. त्याच वर्षी सरकारला फी रद्द करावी लागली. सही करणाऱ्यांत ज्यांच्या घरात एकही विद्यार्थी नाही असे लोकही होतेच, नाहीतर हा आकडा गाठता आला नसता. आपल्याकडे अशी जनयाचिकेची तरतूद नाही. पण ग्रामसभा आहेत, पालकसभा आहेत, आमदारांची कार्यालये आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, फीमाफी शासन निर्णयावर ठेवू नका, तिचा कायदा करा; एक शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो, कायदा बदलायचा तर विधिमंडळात उत्तर द्यावे लागते. दोन, पात्र मुलीकडून प्रवेशाच्या दिवशी माफ असलेली रक्कम घेणे बेकायदा ठरवा, आणि त्याच वेळी संस्थेला पहिला हप्ता सत्र सुरू होण्यापूर्वी द्या. सरकारने थकवायचे आणि संस्थेने मुलीला अडवायचे, हे दोन्ही एकदमच बंद व्हायला हवे. तीन, आघाडी करणाऱ्या पक्षांनी समान कार्यक्रमातल्या प्रत्येक वचनापुढे खाते, मंत्री, रक्कम आणि तारीख लिहावी. ज्या वचनापुढे नाव लिहायला कोणी तयार नाही, ते देऊ नये.

त्या बाईंची मुलगी आता दुसऱ्या वर्षात आहे. भिशीचे हप्ते आईने फेडले. वाचकहो, या दिवाळीत तुमच्या दारी कोणत्याही पक्षाचा माणूस शुभेच्छापत्र घेऊन आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि एकच विचारा : आमच्या मुलींच्या फीचे या वर्षाचे पैसे महाविद्यालयांना कोणत्या तारखेला मिळाले? तारीख सांगता आली नाही, तर ती घेऊन परत या म्हणावे.