सोलायचे दिवस

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या शहागंज बाजारातल्या हातगाड्या हिरव्यागार होतात. मटारच्या शेंगांचे ढीग, हरभऱ्याच्या ढाळ्यांच्या जुड्या, पावटा, तुरीच्या शेंगा. मध्येच बोरांची पाटी, कडेला उसाच्या कांड्या टेकवलेल्या. शेजारच्या गाडीवर स्वेटर आणि कानटोप्या. तिथला घड्याळाचा मनोरा निजामाच्या राजवटीतला, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. त्याच्या खालून भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जाणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील! नातीचं बोट धरून मी तिथून निघाले की एखादे गाडीवाले चाचा तिच्या मुठीत दोन बोरं टेकवतात. भाव मात्र माझ्यासाठी एक पैसा कमी करत नाहीत. असो. सांगायचं होतं ते वेगळंच. यंदा पिशवी ओट्यावर रिकामी करताना लक्षात आलं की थंडीतलं बहुतेक सगळं सोलून खायचं असतं. उन्हाळ्यातल्या भाज्या चिरायच्या, पावसाळ्यातल्या पालेभाज्या निवडायच्या आणि हिवाळ्यातलं सोलायचं. चिरायला विळी लागते, म्हणून लेकराला लांब बसवतात. सोलायला नुसती बोटं पुरतात, म्हणून त्याला जवळ बसवता येतं.

आपल्याकडे मराठी शाळांना नाताळची सुट्टी म्हणजे पंचवीस तारखेचा एक दिवस. इंग्रजी शाळांना आणि शहरातल्या नर्सऱ्यांना मात्र चांगला आठवडाभर मिळतो. मग पुण्या-मुंबईची मंडळी लेकरं घेऊन घरी येतात. आमच्याकडेही मुलगा, सून आणि चार वर्षांची नात आली होती. चार दिवस हाताशी, त्यामुळे बेत भराभर ठरले. मकबरा, पाणचक्की, सिद्धार्थ उद्यान, वेरूळ. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. दरवर्षी कुणीतरी पाहुणा नेमका मंगळवारच धरून बसतो, म्हणून सांगून ठेवते.) गेलोही सगळीकडे. गर्दी होती, पण मजा आली. पाणचक्कीत मुलानं लेकीला हौसेनं समजावलं की डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणलं, त्या पाण्यानं जातं फिरायचं, धान्य दळलं जायचं आणि इथल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी त्याच्या भाकऱ्या व्हायच्या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. उंचावरून हौदात पडणारं पाणीही पाहिलं. मग विचारलं, "पण पीठ कुठंय?" आम्ही हसलो. मला तिचं बरोबरच वाटलं. आम्ही वास्तू बघायला गेलो होतो आणि ती काम बघायला आली होती. जातं आहे, पाणी आहे आणि पीठ नाही, म्हणजे तिच्या हिशेबानं काहीतरी राहिलंच होतं.

ते राहिलेलं तिला दुसऱ्या दिवशी गच्चीवर मिळालं. आमच्या या जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून. खालच्या खोल्यांत दहा वाजेपर्यंत गारठा असतो. रात्री पारा कधी कधी दहा-बारा अंशांवर उतरतो, तेव्हा सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. त्यामुळे थंडीत घर वर सरकतं. चटई, चहाची किटली, पेपर, मटारची पिशवी, सगळं गच्चीवर. ऊन सरकलं की चटई सरकवायची. मी परात पुढ्यात घेऊन शेंगा सोलायला बसले आणि नातीच्या हातात एक वाटी दिली. पहिली शेंग तिनं दोन्ही हातांनी पिळली. दाणे गच्चीभर उडाले. मग मी तिला शिवण दाखवली. शेंगेच्या पाठीवरची ती रेघ अंगठ्यानं दाबायची, म्हणजे शेंग टच्‌ करून उघडते. तिला ते जमलं तेव्हाचा तिचा चेहरा वेरूळच्या हत्तीपुढे झाला नव्हता असा झाला. आत दाणे ओळीनं बसलेले, कडेचे बारके, मधले टपोरे. कुठल्या शेंगेत किती आहेत ते ती मोजू लागली. सहाच्या पुढचे आकडे जरा डळमळीत होते, पण हिशेब चालू राहिला. वाटीत एक, तोंडात एक, खाली एक, असं तिचं गणित. मी काही बोलले नाही. सोलणाऱ्याला खायचा हक्क असतो, हा आमच्या घरातला जुना नियम आहे.

थोड्या वेळानं सून येऊन बसली. मग मुलगा. तो आधी कठड्याला टेकून फोन बघत होता. लेकीनं त्याच्यापुढे शेंगांचा ढीग सारला आणि "तू हे कर" म्हणाली. तिनं सांगितल्यावर काय करतो! शेंगा सोलून बोटं ओली आणि हिरवी झाली की फोनला हात लावता येत नाही, हा एक फायदा मला तेव्हाच कळला. हळूहळू गप्पा सुरू झाल्या. समोरासमोर बसून "काय चाललंय तुझं?" विचारलं तर मुलगा "ठीक आहे" एवढंच म्हणतो. शेंगा सोलता सोलता मात्र त्यानं स्वतःहून ऑफिसातलं सांगितलं, घराच्या हप्त्यांचं सांगितलं, मग लहानपणी याच गच्चीवरून पतंग काटताना कसा पडता पडता वाचला तेही सांगितलं. ते आम्हाला आजवर माहीतच नव्हतं. हात कामात असले आणि नजर परातीत असली की माणसाला बोलणं सोपं जातं. नात मध्ये बसून सगळं ऐकत होती. तिला हप्ते कळत नव्हते. पण मोठी माणसं कुठे निघालेली नाहीत आणि आपल्याला "जा, खेळ जा" म्हणत नाहीत, एवढं तिला नक्की कळत होतं.

लेकरांना खेळण्यांपेक्षा खरं काम जास्त आवडतं, हे आजीलाच ठाऊक असतं असं नाही. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ते इथल्या मातीत आणलं. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. महागडी साधनं आणायला पैसा नव्हता. मग बिया, पानं, शिंपले, दगडगोटे, जे आजूबाजूला सापडेल तेच साधन झालं. बी मोजायची, निवडायची, लहान-मोठी वेगळी करायची. आपल्या परातीत ही सगळी साधनं रोज येऊन पडतात. आपण ती घाईघाईनं उरकतो आणि मग लेकरासाठी दुकानातून रंगीत मणी असलेला डबा आणतो. डब्याला नावं ठेवत नाही मी. आमच्याकडेही आहे. पण मण्यांची उसळ होत नाही, हे चार वर्षांच्या मुलीलाही समजतं. आपण सोललेलं दुपारी सगळ्यांच्या ताटात आलं, हे पाहण्याची गोडी वेगळी. त्या दुपारी नात प्रत्येकाच्या ताटाकडे बोट दाखवून विचारत होती, "यातला माझा कुठला?" आजोबांनी एक दाणा उचलून दाखवला. ती समाधानानं जेवली.

आणि हे दिवस नुसत्या मटारचे नाहीत. हरभऱ्याचा ढाळा हातात घेतला की बोटांना आंबट-खारट चव लागते. ती आंब. हरभऱ्याच्या पानांवर आंबट रस सुटतो. पूर्वी शेतकरी रात्री पिकावर फडकं पसरून पहाटे दवाबरोबर ती आंब पिळून घेत, पोटाच्या औषधाला. नातीनं घाटे सोलले कमी आणि बोटं चाटली जास्त. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की सोलायला आणखी सोप्या. ओठांत धरून ओढलं की दाणे आत. गावाकडे शेत असेल तर हुरड्याला जावं. ज्वारीचा दाणा दुधातून नुकता भरत आला की त्यात गोडवा असतो, पुढे तो पिठूळ होतो. म्हणून हुरड्याचे दिवस थोडेच. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. भाजणं, चोळणं मोठ्यांचं. फुंकर मात्र लेकराची. निम्मा कोंडा आपल्या तोंडावर येतो, ते चालवून घ्यायचं. एकच काळजी घ्या. चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती अख्खा दाणा, शेंगदाणा किंवा बी असलेलं बोर देऊ नये, घशात अडकतं. त्याहून मोठं लेकरू असेल तरी शेजारी बसूनच खाऊ द्यावं, धावता-खेळताना नाही.

पुढे भोगी येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती भाजी म्हणजे सोलण्याची परीक्षाच. मटार, पावटा, हरभरा, शेंगदाणे, गाजर, वांगी, वरून तीळ, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, घाटे यांचा वर्षाव. सुट्टी संपून मंडळी परत गेलेली असली तरी हरकत नाही. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. सुनेनं पुण्यात करायचं ठरवलंय आणि उसाचे करवे नातच वाटीत भरणार आहे, असं फोनवर कळलं.

सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत हे वाचत असाल, तर गच्ची, ऊन, चटई हे सगळं कुठून आणायचं, असा प्रश्न पडणारच. दुकानात सोललेला मटार पाकिटात मिळतो. घाईच्या दिवशी तो खुशाल आणा, त्यात कमीपणा नाही. सून नोकरी करते, मी तिला कधी म्हणणार नाही की रोज शेंगाच सोल. पण आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी, टीव्ही लावायच्या आधी, स्वयंपाकघराच्या फरशीवर पंधरा मिनिटं बसता येतं. लेकराला वेगळी वाटी द्यावी, मोठ्यांच्या परातीत ढवळाढवळ करू देण्यापेक्षा ते बरं. वाटी जड असावी, म्हणजे लवंडत नाही. सुरुवातीला शेंगेचं टोक आपण मोडून द्यावं. त्यानं सोललेलं त्याच्यादेखत पुन्हा निवडू नये. एखादं टरफल राहिलं तर भाजीत शिजून जातं. आणि काम संपायच्या आधीच लेकरू उठून गेलं तर जाऊ द्यावं. दहा शेंगा पुष्कळ झाल्या. तर आज घरी येताना गाडीवरच्या शेंगा घ्या. अर्धा किलो लागणार असेल तर पाऊण किलो घ्या. पाव किलो भाजीपर्यंत पोचत नाही.