प्रश्न कोणीं निवडावा?

शास्त्रज्ञाची थोरवी आपण बहुधा त्याच्या उत्तरावरून मोजतों. अमक्यानें अमुक शोध लावला, अमुक औषध काढलें, एवढें कळलें कीं आपलें समाधान होतें. पण त्यानें तोच प्रश्न कां हातीं घेतला आणि दुसरा कां घेतला नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक उत्तर शोधणें हें बुद्धीचें काम असलें, तरी प्रश्नाची निवड हें केवळ बुद्धीचें काम नाहीं. जगांत दुःखें अगणित आहेत, मनुष्याचें आयुष्य एकच आहे, आणि एका दुःखाकडे वळणें म्हणजे इतर अनेकांकडे पाठ फिरविणें होय. म्हणून प्रश्न निवडण्याच्या जागीं शास्त्राची हद्द संपते आणि नीतीची सुरू होते, असें आम्हांस वाटतें. त्या हद्दीवरचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हा विचार आज निकडीचा झाला आहे. अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांतल्या ज्या मुली औषधनिर्माणशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकून बाहेर पडतात, त्यांपैकीं कांहीं पुणें, हैदराबाद, बंगळूर येथें, तर कांहीं परदेशांत, संगणकाच्या साहाय्यानें नव्या औषधांचे आराखडे करण्याच्या कामाला लागतात. घरच्यांना या कामाचा अभिमान असतो. परंतु तें काम काय आहे, हें त्यांस नेमकें ठाऊक असतेंच असें नाहीं. पगार किती, एवढें मात्र ठाऊक असतें.

हें काम समजावयास फारसें कठीण नाहीं. शरीरांतील विकर आणि तें ज्या द्रव्यावर क्रिया करतें तें द्रव्य, यांचा मेळ कुलूप-किल्लीसारखा असतो, ही उपमा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यानें १८९४ सालीं दिली. औषधाचा रेणु हीहि एक किल्लीच. परंतु कुलपाचें अंतरंग दिसल्यावांचून किल्ली घडवावी कशी? तें अंतरंग क्ष-किरणांनीं पाहण्याची विद्या ज्यांनीं वाढविली, त्यांत ऑक्सफर्डच्या डॉरथी हॉजकिन या बाईंचें नांव अग्रभागीं आहे. पेनिसिलिनची रचना त्यांनीं १९४५ सालीं उलगडली. त्या गणितासाठीं त्यांनीं भोकें पाडलेल्या पत्त्यांवर चालणारीं गणनयंत्रें वापरलीं, आणि १९६४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज संगणक एखाद्या प्रथिनाच्या खळगींत लाखों रेणूंच्या आकृति बसवून पाहतो आणि कोणती चपखल बसेल याचा अंदाज सांगतो. त्यांतल्या थोड्या प्रयोगशाळेंत तयार होतात, त्याहून थोड्या प्राण्यांवरील परीक्षेस उतरतात, आणि एखादीच रोग्यापर्यंत पोहोंचते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संगणक किल्ली सुचवितो. परंतु त्याच्यापुढें कोणतें कुलूप ठेवावें, हें तो सांगत नाहीं. तें कोणीतरी माणूसच ठरवितें. मग तें कोणीं ठरवावें?

आमच्या मतें या प्रश्नाचा विचार करतांना एका मराठी स्त्रीचें चरित्र डोळ्यांसमोर ठेवणें उपयोगाचें आहे. कमला भागवत, पुढें कमलाबाई सोहोनी, या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्रवेशासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. अर्ज नाकारला गेला, आणि तो गुणांवरून नव्हे, तर अर्जदार स्त्री आहे एवढ्यावरून. कमलाबाईंनीं तें मुकाट्यानें मानलें नाहीं. त्यांनीं रामन यांच्यापुढें सत्याग्रह धरला. अखेर वर्षभराच्या परीक्षेची अट घालून त्यांस घेण्यांत आलें. त्या अटीला त्या उतरल्या, आणि पुढें त्या संस्थेंत मुलींना प्रवेश मिळूं लागला. १९३९ मध्यें केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या स्वदेशीं परतल्या.

ही कथा पुष्कळांस माहीत आहे, आणि ती नेहमीं दार उघडण्यापाशींच संपविली जाते. आमच्या दृष्टीनें तिचें महत्त्व त्यानंतर सुरू होतें. केंब्रिज येथें कमलाबाईंनीं वनस्पतींच्या श्वसनांतील एका द्रव्यावर काम केलें होतें. त्याच वाटेनें त्या गेल्या असत्या तर त्यांस कोणी नांवें ठेवलीं नसतीं. परंतु मुंबईच्या विज्ञान संस्थेंत आल्यावर त्यांनीं कडधान्यें आणि नीरा यांचा अभ्यास हातीं घेतला. नीरेचा विषय राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं सुचविला होता. गरीब आणि आदिवासी घरांतल्या कुपोषित मुलामुलींना व गरोदर स्त्रियांना स्वस्तांत मिळणाऱ्या पेयानें कितपत पोषण होईल, हा तो प्रश्न. ताडाशिंदीचा रस हा जगाच्या शास्त्रीय दरबारांत मिरविण्यासारखा विषय नव्हे. तरी ज्या बाईनें स्वतःसाठीं दार उघडून घेतलें, तिनें आंत गेल्यावर हा विषय नाकारला नाहीं, यांतच तिचें मोठेपण आहे.

कोणी म्हणेल कीं त्या सरकारी संस्थेंत होत्या. खाजगी कंपनींत चाकरी करणाऱ्या स्त्रीला विषय निवडण्याची मुभा कोठून असणार? हा आक्षेप खरा आहे, पण पूर्ण खरा नाहीं. अमेरिकेंतील गर्ट्रूड एलियन यांचे आजोबा पोटाच्या कर्करोगानें गेले, तेव्हां त्या पंधरा वर्षांच्या होत्या. आपण या रोगावर कांहीं करावें, हा निश्चय त्यांनीं तेव्हांच केला. स्त्री म्हणून त्यांनाहि प्रयोगशाळांची दारें बंद होतीं. डॉक्टरेट त्यांस पुरी करतां आली नाहीं. १९४४ सालीं त्या बरोज वेलकम या औषधी कंपनींत लागल्या. तेथें जॉर्ज हिचिंग्ज या वरिष्ठांनीं त्यांस मोकळीक दिली. त्या मोकळिकींतून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरिन हें औषध निघालें, आणि १९८८ सालीं दोघांसहि नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. म्हणजे चाकरीनें प्रश्न मरतोच असें नाहीं. परंतु तो जगावयाचा तर चाकर ठेवणारानेंहि त्याला जागा दिली पाहिजे.

आतां आमच्या दाराशीं असलेलें उदाहरण पाहूं. विदर्भांत, आणि मेळघाटच्या कोरकू-गोंड वस्त्यांतहि, सिकल सेल हा रक्ताचा वंशागत रोग आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि रोगी असह्य वेदनेनें तळमळतो. हा रोग एका रेणूच्या दोषाचा आहे, असें लायनस पॉलिंग आणि त्याचे सहकारी यांनीं १९४९ सालींच दाखविलें. रेणूपर्यंत मूळ पोहोंचलेला हा पहिला रोग होय. १९५७ पर्यंत तो दोष हिमोग्लोबिनांतील एका कणापुरता आहे, हेंहि व्हर्नन इंग्रॅम यानें सिद्ध केलें. म्हणजे कुलूप सर्वांच्या आधीं ओळखलें गेलें. किल्ली केव्हां मिळाली? अमेरिकेंत या रोगासाठीं पहिल्या औषधास, हायड्रॉक्सियुरियास, मान्यता मिळाली ती १९९८ सालीं; आणि तेंहि या रोगासाठीं शोधलेलें नव्हतें, कर्करोगाच्या कपाटांतून उसनें आणलेलें होतें.

याच्या शेजारीं दुसरा रोग ठेवून पाहावा. सिस्टिक फायब्रोसिस हा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा रोग. अमेरिकेंत त्याचे रोगी सिकल सेलच्या रोग्यांपेक्षां पुष्कळ कमी. त्याचें जनुक १९८९ सालीं सांपडलें आणि त्या दोषावरच नेम धरणारें पहिलें औषध २०१२ सालीं आलें. येथें तेवीस वर्षें लागलीं. तिकडे जवळजवळ पन्नास वर्षांनींहि उसनेंच. रसायनशास्त्र दोन्हीकडे तेंच होतें. भेद होता तो प्रश्न विचारणाऱ्यांत. पहिल्या रोग्यांच्या घरच्यांनीं संस्था काढली, पैसा जमविला आणि तो औषध शोधणाऱ्या कंपनीस देऊन आपला प्रश्न तिच्या मेजावर ठेवला. आफ्रिकी वंशाच्या गरीब लोकांना आणि आमच्या डोंगरांतल्या कोरकूंना तसें करतां आलें नाहीं.

पुढें सिकल सेलकडेहि लक्ष गेलें. हिमोग्लोबिनच्या रचनेवरून आखलेलें व्हॉक्सेलोटर हें औषध २०१९ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें ठरल्याप्रमाणें हिमोग्लोबिनास चिकटलें आणि रक्ताचा अंक वाढला. याच अंकावर मान्यता मिळाली होती. परंतु सप्टेंबर २०२४ मध्यें फायझर कंपनीनें तें जगभरच्या बाजारांतून परत घेतलें; कारण पुढील परीक्षांत औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके आणि मृत्यु यांचें प्रमाण अधिक दिसूं लागलें, व लाभापेक्षां धोका जड झाला, असें कंपनीनेंच सांगितलें. येथें कोणाच्या बुद्धीस किंवा हेतूस दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र, अंक वाढला काय, हा एक प्रश्न आणि माणूस सुखानें जगूं लागला काय, हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्याचें उत्तर बरोबर आलें म्हणून दुसऱ्याचें येतेंच असें नाहीं. म्हणजे केवळ रोग निवडून भागत नाहीं. त्या रोग्याविषयीं काय विचारावें, हेंहि निवडावें लागतें.

यावर सर्वांत बिकट आक्षेप निराळाच आहे, आणि तो सुशिक्षित घरांतील मुलींनीं घ्यावा असाच आहे. त्या म्हणतील: “आमचे भाऊ परदेशीं गेले तेव्हां तुम्हीं त्यांस मेळघाटची आठवण दिली नाहीं. त्यांस पगार विचारलात, आणि आम्हांस मात्र त्याग विचारतां. आधीं दार बंद केलें. तें आम्हीं उघडलें, तर आतां उंबरठ्यावर सेवेचें ओझें ठेवतां. हा न्याय कोणता?” याला प्रामाणिक उत्तर एकच आहे: हा न्याय नव्हे. त्याग हा स्त्रीचा स्वभावधर्म मानून तिच्याकडून तो वसूल करणें ही आमच्या समाजाची जुनी खोड आहे, आणि शास्त्राच्या नांवानें ती पुन्हां चालूं देतां कामा नये. ज्ञानाचें ऋण असेल तर तें ज्ञानावर आहे. स्त्री-पुरुष हा भेद त्यांत नाहीं. कमलाबाईंनीं नीरेचा विषय घेतला तो स्त्री म्हणून नव्हे, शास्त्रज्ञ म्हणून.

शिवाय ऋणाचा मोठा भाग मुलींवर नाहींच. तो आम्हांवर आहे. संस्था कशा असतात तसे प्रश्न निपजतात. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ निघालें, तेव्हां त्याचे प्रश्न इथल्या जमिनीनेंच घालून दिले. कापूस आणि ज्वारी यांस टाळून त्याला जातां आलें नसतें. अमरावतीच्या तपोवनांत डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनीं कुष्ठरोग्यांस आसरा दिला, तो ज्यांना दुसरें कोणी विचारीत नव्हतें त्यांनाच. मग अमरावतीच्या विद्यापीठांत, आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत, एखाद्या विद्यार्थिनीनें सिकल सेलचा विषय निबंधासाठीं घेतला, किंवा खारपाणपट्ट्यांतल्या गांवकऱ्यांच्या मूत्रपिंडांच्या तक्रारींचा घेतला, तर तिला संगणक, मार्गदर्शक आणि शिष्यवृत्ति मिळेल, अशी सोय आम्हीं केली आहे काय? केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तींत ७ कोटि लोकांची तपासणी करण्याचें ठरलें. तपासणीनें रोगी सांपडतील. सांपडलेल्या रोग्यास द्यावयाचें काय, हा प्रश्न पुन्हां प्रयोगशाळेकडेच येईल.

सर्वांनींच गांवीं परत यावें असें आमचें म्हणणें नाहीं. मेळघाटच्या रोग्याचें औषध बॉस्टनमध्यें सांपडलें तरी त्याला तें तितकेंच लागूं पडेल. पाय कोठें आहेत यापेक्षां दृष्टि कोणावर आहे, हें महत्त्वाचें. आणि ती दृष्टि पुष्कळदां घरांतच घडते. मुलगी सुटींत घरीं आली कीं आपण तिला पगार विचारतों, बढती विचारतों, लग्नाविषयीं विचारतों. त्याबरोबर, “बाई, सध्यां तूं कोणाच्या दुखण्यावर काम करतेस?” एवढें जरी विचारलें, तरी पुरे. तिच्यापाशीं उत्तर असेल तर घरच्यांना तिचें काम प्रथमच समजेल. नसेल, तर तो प्रश्न ती आपल्याबरोबर प्रयोगशाळेंत घेऊन जाईल. आणि आपल्या मुलग्यालाहि आपण तोच विचारूं लागलों, तर वर सांगितलेल्या आक्षेपाचेंहि थोडेंबहुत निरसन होईल.