शेजाऱ्याचे दुकान

आपल्या गावात एका कुटुंबाने जुन्या घराच्या ओटीवर जुन्या वस्तूंचे दुकान मांडले आहे आणि आत खानावळ सुरू केली आहे. बाहेर पितळी डबे, चिनी मातीच्या बरण्या, जाते, कंदील. आत तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि सुकेळी. रविवारी मिस्सानंतर आपण तेथे डोकावतो, “छान केलंत हो!” म्हणतो, आजीच्या आठवणी काढतो आणि रिकाम्या हाताने घरी येतो. काही घेतलेच तर म्हणतो, “आपल्यातलेच ना तुम्ही, थोडे कमी करा.”

मॉलमध्ये मात्र छापील किंमत आपण निमूट देतो. मग घासाघीस आपल्याच माणसाशी का?

सुकेळीचेच पाहा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, कित्येक दिवस उन्हात वाळवायची. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी, असे प्रभू येशू सांगतो (लूक १०:७). ती मजुरी त्या किमतीतच असते. खरेदी हा केवळ आर्थिक नव्हे, तर नैतिक व्यवहार आहे, असे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात सांगितले आहे.

म्हणून नको असलेली वस्तू दयेपोटी घ्यावी असे नाही. दया दाखवली की शेजारी याचक ठरतो. लागते ते घ्यावे, योग्य दाम द्यावा, उधारी ठेवू नये. कालवण खारट झाले तर त्यांना सांगावे, गावभर नव्हे.

बंधुभगिनींनो, नुसत्या कौतुकाने कोणाची चूल पेटत नाही. पुढच्या रविवारी मिस्साला येताना सोबत पिशवी आणू या.