दिसणे आणि ओळखणे

मालवणच्या आसपास जत्रेच्या रात्री दशावतार पाहावा. समोरची द्रौपदी पुरुष आहे हे सर्वांना ठाऊक असते. तरी तिच्या आक्रोशाने बायाबापड्या डोळ्यांना पदर लावतात. पहाटे रंग धुतला जातो, माणसे घरी जातात. त्यांच्यापैकीच एखाद्याचा मुलगा ‘माझे मन पुरुषावरच जडते’ असे म्हणाला, तर? स्त्रीभूमिका करणे आणि समलिंगी असणे या निराळ्या गोष्टी. त्यांची गल्लत नको. मला म्हणायचे ते इतकेच, की वेषाला आपण जी मुभा देतो ती माणसाला देत नाही.

१९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ काढले. समलिंगी माणसांना आपले म्हणावे असे ते नियतकालिक. २००२ मध्ये ते बंद पडले. २००९ मध्ये पुन्हा निघाले तेव्हा सेलिना जेटली ही सिनेनटी त्याच्या पाठीशी उभी होती. पुढे जाहिरातींतही असे संसार दिसू लागले. २०२१ मध्ये डाबरने दोन स्त्रियांची करवा चौथ दाखवली. ओरड होताच जाहिरात मागे घेतली. यात नवल नाही. गिऱ्हाईक दुखवू नये हा बाजाराचा धर्म. पण जे विक्रीसाठी दाखवले जाते, ते विक्रीसाठीच झाकलेही जाते.

नियतकालिकाला पत्र लिहिता येते आणि उत्तर येते. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ साली खटला चालला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. खटला ते हरले. उत्तर देणे म्हणजे विचारणारा माणूस आहे हे मान्य करणे; कर्व्यांना दंड झाला तो या मान्यतेचाच.

तरी जाहिरातीला नाक मुरडू नये. ‘बॉम्बे दोस्त’ मुख्यतः इंग्रजी. आचऱ्याच्या पोराच्या हाती ते कुठून पडणार? जाहिरात मात्र त्याच्या मोबाइलवर येते. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढे कळणेही एकट्या जिवाला थोडे नसते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. आता ते चित्र पाहून तो मान वर करील आणि ओटीवर बसलेल्या बापाकडे पाहील. त्या नजरेला उत्तर कंपनी देणार नाही, न्यायालयही देणार नाही. ते बापानेच द्यायचे आहे.