नाव हरवलेल्या फाइली

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. खाली क्रांती चौकातल्या उड्डाणपुलावरून अजून गाड्या धावताहेत. मघाशी वीज गेली, आली. पण लिनक्सचा संगणक काळ्या पडद्यावरच अडलाय. ‘एफएससीके हाताने चालवा’ म्हणतोय, म्हणजे फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम. हात की-बोर्डवरून काढा. मांडीवर ठेवा.

डिस्कला कान द्या. टकटक आवाज येत असेल तर दुखणं यंत्राचं आहे, इथेच थांबा. आवाज नसेल तर आधी विभाग अनमाउंट करा. वर लिहिणं चालू असताना खालची मांडणी दुरुस्त होत नसते. जमलं तर अख्ख्या डिस्कची नक्कल काढून ठेवा. वेळ लागेल. लागू द्या.

मांडणीचा मूळ तपशील ठेवणारा सुपरब्लॉकच वाचता येत नाही? त्याच्या नकला डिस्कवर आणखी ठिकाणी असतात. ईएक्सटी४ फाइलप्रणालीत ब्लॉक चार केबीचे असतील तर बहुधा पहिली ३२७६८व्या ब्लॉकवर.

आता एफएससीके चालवा. त्याच्या फेऱ्या सुरू होतील, एकूण पाच. प्रत्येक प्रश्न वाचा. सरसकट ‘हो’ म्हणून टाकायची सोय आहे, पण मला ती आवडत नाही. एफएससीकेला तुमच्या फाइलींची माया नाही. त्याला हिशेब जुळायला हवा, त्यासाठी तो एखादी फाइल पुसूनही टाकेल.

चौथ्या फेरीपाशी जरा रेंगाळा. फाइल किती मोठी, कुणाची, कुठल्या ब्लॉकांत पसरलेली, हे सगळं आयनोडमध्ये असतं. नाव तेवढं नसतं. नाव असतं डिरेक्टरीत. डिरेक्टरी गेली की फाइल जिवंत राहते, पण तिला हाक मारता येत नाही. अशा पोरक्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नुसत्या क्रमांकाने येऊन बसतात.

खिडकीशी जा. या चौकातच काळा चबुतरा आहे. १८५७च्या उठावातल्या सैनिकांना तिथे देहदंड दिला गेला. त्यांतल्या किती जणांची नावं तुम्हाला सांगता येतील? मला नाही येत. रोज तिथूनच जातो.

परत या. पाचवी फेरी संपली असेल. क्रमांकांची यादी समोर आहे. पहिली फाइल उघडा, आत काय आहे ते शेवटपर्यंत वाचा. नाव नंतर द्या.